ठिणगीचं बूड शोधताना

जुन्या मिडियम वेव्ह रेडिओवर गाणं ऐकताना कुणी पंखा बंद केला, की मध्येच ‘टक्’ असं व्हायचं. श्रोतेहो, ती तक्रार पंख्यातल्या तारेच्या वेटोळ्याची. वेटोळ्यातून वाहणारी वीज एकदम थांबायला राजी नसते. वाट तोडली तर ती हवेतून उडी मारते.

अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्ये हे नोंदवलं. १८३४ मध्ये विल्यम जेन्किन नावाच्या गृहस्थानं मायकेल फॅरेडेंना सांगितलं, की एकाच बॅटरीवरच्या विद्युतचुंबकाची तार सोडताना हाताला झटका बसतो. बॅटरीत तेवढा दम नाही, मग झटका आला कुठून? चुंबकात साठलेल्या ऊर्जेतून! १८५३ मध्ये फ्रान्सच्या फिझो यांनी तुटणाऱ्या संपर्काला कंडेन्सर जोडून ठिणगी दाबली.

आता हे आपल्या यवतमाळात का सांगायचं? कारण इथं कापूस आहे. वणी, पांढरकवडा, यवतमाळकडच्या जिनिंगमध्ये सरकी सुटते आणि रुईची सुमारे १७० किलोची गाठ बांधली जाते. नव्या प्रेसवर तेलाच्या झडपा उघडायचा-मिटायचा हुकूम पीएलसी देते. जनरल मोटर्सनं १९६८ मध्ये रिलेंच्या जंजाळातून सुटका मागितली, त्यातून ‘मॉडिकॉन ०८४’ आलं. हे यंत्र त्याच घराण्यातलं.

झडपेची कॉइल असते २४ व्होल्टची, पण बंद होताना ती काहीशे व्होल्टचा उलटा तडाखा देऊ शकते. आउटपुटमधला ट्रान्झिस्टर मुकाट मरतो. रिले असेल तर संपर्क जळत जळत एक दिवस चिकटतो. मग ‘बंद’ म्हटलं तरी झडप बंद होत नाही, आणि प्रेसजवळ माणूस उभा असतो! भोवती रुईची कुसळं उडत असताना ठिणगी कुणाला हवी?

उपाय स्वस्त आहे. डीसी कॉइलच्या दोन टोकांवर उलटा डायोड जोडायचा. एरवी तो रिकामा बसतो. वीज तुटली की साठलेला प्रवाह त्यातून गोल फिरून विरतो. एसी कॉइलवर डायोड चालत नाही, सरळ शॉर्ट होईल. तिथं रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी किंवा व्हॅरिस्टर लावतात. त्या जोडीत फिझोचा कंडेन्सरच पुन्हा भेटतो. तो बसवायचा कॉइलपाशी, लांब पॅनेलमध्ये नव्हे, नाहीतर मधली तार शेजारच्या तारांना त्रास देते.

डायोडचीही एक खोड आहे: प्रवाह हळू विरत असल्यानं झडप थोडी उशिरा सुटते. प्रेसच्या कामात तो उशीर खपत नसेल, तर डायोडसोबत झेनर जोडतात.