‘डिलिव्हर अप’ : सालबाईच्या तहातील एका क्रियापदाचा अर्थशोध

प्रस्तावना

इंग्रजीत मूळ क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांसारखे अव्यय जोडून नवा अर्थ साधण्याची प्रथा जुनी आहे. अशी क्रियापदे परभाषकांस विशेष अवघड जातात, असे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या ग्रंथातून पुढे आली. ही अडचण व्याकरणाच्या तासापुरती मर्यादित नाही. ठाणे व कल्याण यांच्या इतिहासाची साधने वाचताना तिचे गांभीर्य ध्यानी येते. प्रस्तुत लेखात अशा एका क्रियापदाचा परामर्श घेतला आहे.

वाङ्मयीन पूर्वपीठिका

‘डिलिव्हर’ म्हणजे पोहोचता करणे, सोपविणे. ‘अप’ या अव्ययाने त्यात पूर्णत्वाची छटा येते : हातात काहीही न राखता सोपविणे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, देवाने स्वपुत्राला सर्वांसाठी दिले हे सांगताना हेच क्रियापद योजले आहे. तेथे देणारा हाच खरा स्वामी आहे आणि देणे हा त्याग आहे. त्याच भाषांतरात प्राण सोडण्यासाठी ‘गिव्ह अप’ व ‘यील्ड अप’ ही रूपे येतात. मराठीत ही छटा अव्ययाने नव्हे, तर ‘देऊन टाकणे’, ‘सोडून देणे’ अशा संयुक्त क्रियापदांनी व्यक्त होते.

तहातील योजना

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला लढून घेतला. पुढे १७७५ च्या सूरतच्या तहात रघुनाथरावाने साष्टी व वसई त्यांना देऊ केली. म्हणजे साष्टीपुरते ‘घेणे’ आधी घडले व ‘देणे’ मागाहून लिहिले गेले. १७८० मध्ये कल्याण आणि वसई ही ठाणीही इंग्रजांच्या हाती गेली.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. पुरंदरच्या तहानंतरच्या युद्धात घेतलेला, वसईसह सर्व मुलूख पेशव्यांना परत करावा, हे कलम इंग्रजी मसुद्यात ‘डिलिव्हर अप’ या क्रियापदाने मांडले आहे. साष्टी, घारापुरी, कारंजा व हॉग या बेटांविषयी मात्र ती कायमची इंग्रजांच्या ताब्यात ‘राहतील’ अशी रचना आहे. येथे देणारा कोणीच नाही. म्हणून घेणाराही दिसत नाही. १७७४ चा हल्ला वाक्यरचनेतूनच लुप्त होतो. उलट पेशव्यांचाच मुलूख पेशव्यांना परत करताना इंग्रज दात्याच्या भूमिकेत उभे राहतात.

अनुवादाचा प्रश्न

येथे ‘डिलिव्हर अप’साठी ‘बहाल करणे’ म्हटले तर कृपेचा भास होतो. ‘सोडून देणे’ म्हटले तर देणाऱ्याचा हक्क गृहीत धरला जातो. ‘हवाली करणे’ वा ‘स्वाधीन करणे’ हे अधिक युक्त, कारण त्यात ताब्याचा बदल तेवढा सांगितला जातो. मालकीविषयी निवाडा होत नाही. बायबलमधील योजनेस मात्र हा शब्द पुरणार नाही. कँडी यांनी पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला; पण कोणताही कोश पर्याय पुरवितो, निवड संदर्भानेच करावी लागते.

निष्कर्ष

या शब्दयोजनेचा परिणाम भूमीवर उमटला. ठाणे इंग्रजांकडे राहिले, कल्याणचा मुलूख पेशव्यांकडे परतला आणि १८१७ च्या पुणे तहात पेशव्यांनी उत्तर कोकण सोडेपर्यंत सुमारे ३५ वर्षे खाडीच्या दोन तीरांवर दोन सत्ता नांदल्या. तहनामे वाचताना क्रियापदाचा अर्थ पाहावाच, परंतु त्याचा कर्ता कोण आणि कोणत्या वाक्यात तो गाळला आहे, हेही तपासावे. इतिहास व इंग्रजी या दोन्ही विभागांच्या अध्यापकांनी ही साधने एकत्र वाचावीत, ते याचसाठी.