चित्राने दिलेली साक्ष

वाचकहो, दिमोना, बेर शेवा येथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना वाळवंट नवे नाही. पण पाण्याचा थेंब न दिसणाऱ्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या जीव लावणारे लोक ऑस्ट्रेलियातही आहेत. तेथील वायव्य भागातल्या ग्रेट सँडी वाळवंटातील आदिवासी आपल्या मुलखाला ‘न्गुरारा’ म्हणजे ‘आपले घर’ म्हणतात.

त्यांचे पूर्वज एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे चालत जात. कधीही न आटणाऱ्या पाणवठ्याला ते ‘जिला’, म्हणजे जिवंत पाणी, म्हणतात. प्रत्येकाचे नाव, कथा आणि गाणे वेगळे. हे सारे तोंडी शिकवले जाई. विसाव्या शतकात ही कुटुंबे हळूहळू वाळवंट सोडून उत्तरेकडील गोऱ्यांच्या गुरांच्या मळ्यांवर कामाला गेली. पुढे बरीच फिट्झरॉय क्रॉसिंग गावाच्या आसपास राहिली. पाणवठे दूर राहिले, नावे मात्र विसरली नाहीत.

इंग्रजांच्या कायद्याने ही जमीन बिनमालकीची मानली होती. १९९२ साली माबो खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने ते मत खोडून काढले आणि १९९३ साली नवा कायदा झाला. पण जमिनीशी आपल्या रीतीप्रमाणे नाते टिकले आहे, हे सिद्ध करणे भाग होते. दस्तऐवज तर एकही नव्हता!

तेव्हा १९९७ साली पिर्निनी येथे सुमारे ४० जणांनी मिळून ८ बाय १० मीटरच्या कापडावर आपला मुलूख रंगवला. प्रत्येकाने आपापला पाणवठा काढला. मग अधिकाऱ्यांसमोर आपल्या भागावर उभे राहून, आपल्याच भाषेत त्याची हकिगत सांगितली.

निकालाला दहा वर्षे लागली. ९ नोव्हेंबर २००७ रोजी न्यायालय पिर्निनी येथेच बसले आणि ७५,००० चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशावर, म्हणजे इस्रायलच्या तिपटीहून मोठ्या मुलखावर, त्यांचा हक्क मान्य झाला. न्यायालयाने जमीन दान केली नाही. ती पूर्वीपासून त्यांचीच होती, एवढेच कबूल केले. चित्र काढणारे काही वृद्ध मात्र तो दिवस पाहायला उरले नव्हते.

आपणही कोकणातले गाव आडनावात घेऊन आलो: पेणकर, केहीमकर, नवगावकर. आपल्याला तेथील शेतावर दावा सांगायचा नाही. पण गावची विहीर कुठे होती, हे नातवंडांना सांगितले आहे का? आपल्यानंतर ते कोण सांगणार?