टेहळणी विमाने, वैमानिकरहित : पुणे येथील रचनाप्रकार

शत्रूची ठाणी, तोफांच्या जागा, सैन्याच्या हालचाली इत्यादींची माहिती वैमानिकाचा जीव धोक्यात न घालता मिळविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या आणि जमिनीवरून अथवा पूर्वनियोजित आज्ञांनुसार नियंत्रित होणाऱ्या विमानास वैमानिकरहित टेहळणी विमान म्हणतात. व्यवहारात ‘ड्रोन’ हा शब्द रूढ झाला आहे. या विमानांची तुलना सामान्यतः उंची, पल्ला व उड्डाणकाल यांवरून केली जाते. तथापि त्यांची रचना बव्हंशी ठरते ती विमान वर कसे चढते आणि खाली कसे उतरते यावरून. या प्रश्नाची दोन परस्परभिन्न उत्तरे शोधण्यात पुण्याजवळील दिघी येथील संशोधन व विकास आस्थापना (अभियंते) या संस्थेचा वाटा आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची ही प्रयोगशाळा मुख्यत्वे लष्करी पूल व अभियांत्रिकी साधने यांसाठी प्रसिद्ध आहे.

इतिहास : ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये तोफखान्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ हे रेडिओनियंत्रित विमान तयार झाले. ‘ड्रोन’ (नर मधमाशी) या नावाचा उगम त्याच्याशी जोडला जातो. व्हिएटनाम युद्धात अमेरिकेने अशी विमाने छायाचित्रणासाठी वापरली. १९८२ मध्ये लेबाननमधील बेका खोऱ्यात इझ्राएलने लहान वैमानिकरहित विमानांच्या साहाय्याने सिरियाच्या क्षेपणास्त्रतळांचा मागोवा घेतला व या साधनाचे महत्त्व सर्वत्र मान्य झाले. भारतात १९९९ च्या कारगिल संघर्षाने डोंगराळ सीमेवरील टेहळणीतील उणिवा प्रकर्षाने पुढे आणल्या.

प्रक्षेपकावरून उडणारा प्रकार : बेंगळुरू येथील वैमानिकीय विकास आस्थापनेने विकसित केलेल्या ‘निशांत’ या विमानाचे पहिले चाचणी-उड्डाण १९९५ मध्ये झाले. सुमारे ३८० किग्रॅ. वजनाचे हे विमान साडेचार तासांपर्यंत हवेत राहू शकत असे. आघाडीवर धावपट्टी मिळण्याची शाश्वती नसल्याने त्याला चाके दिलेली नव्हती. अवजड मोटारगाडीवर बसविलेल्या, द्रव व संपीडित वायू यांच्या दाबावर चालणाऱ्या प्रक्षेपकाच्या रुळावरून ते एका सेकंदाहून कमी वेळात उड्डाणवेगाने फेकले जाई. हा फिरता प्रक्षेपक दिघी येथील संस्थेने घडविला. कामगिरी आटोपल्यावर विमान हवाई छत्रीने खाली येई व हवेने फुगणाऱ्या पिशव्या जमिनीचा आघात झेलीत.

विमानाचा पंखा मागील बाजूस, दोन शेपूटदांड्यांच्या मध्ये बसविलेला होता. पंखा मागे असल्याने कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात अडथळा येत नाही. एंजिन वांकेल पद्धतीचे, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या दट्ट्याऐवजी फिरत्या भागावर चालणारे होते. त्यामुळे कंपने कमी होऊन चित्रण स्थिर राहण्यास मदत होते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेच्या सहभागाने तयार झालेल्या ५५ अश्वशक्तीच्या भारतीय वांकेल एंजिनासह निशांतने २००९ मध्ये कोलार येथे उड्डाण केले.

धावपट्टीपासून मिळालेल्या या स्वातंत्र्याची किंमत मोठी होती. प्रक्षेपणाचा झटका सोसण्यासाठी सांगाडा व उपकरणे भक्कम करावी लागत. छत्री व पिशव्या यांचे वजन प्रत्येक उड्डाणात वाहावे लागे. छत्री उघडल्यावर विमान वाऱ्याच्या स्वाधीन होई. या मर्यादा टाळण्यासाठी त्याच विमानाचा चाकांवर धावणारा ‘पंछी’ हा प्रकार तयार करण्यात आला. त्याने २४ डिसेंबर २०१४ रोजी पहिले उड्डाण केले. छत्री व पिशव्या गळाल्याने वजन वाचले. परंतु लहान का होईना, धावपट्टी आवश्यक ठरली आणि मूळ उद्देशच मागे पडला. भूसेनेला दिलेली चारही निशांत विमाने अपघातांत नष्ट झाली. त्यांपैकी शेवटचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जैसलमेरजवळ कोसळले व त्याच वर्षी भूसेनेसाठी हे विमान घेण्याचे काम थांबले.

जागच्या जागी उडणारा प्रकार : ‘नेत्र’ हे दिघी येथील संस्था आणि मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली आयडियाफोर्ज ही कंपनी यांनी मिळून विकसित केलेले चार पंख्यांचे यान आहे. कार्बन-तंतूंच्या संमिश्राचा सांगाडा असलेल्या या यानाचे वजन सुमारे १.५ किग्रॅ. होते. एका माणसाला पाठीवरून नेता येणारे हे यान घराच्या गच्चीवरून किंवा जंगलातील मोकळ्या जागेतून सरळ वर उडे व तेथेच उतरे. प्रक्षेपक, छत्री वा धावपट्टी यांपैकी कशाचीच त्याला गरज नव्हती. केंद्रीय राखीव पोलीस दलाने त्याचा वापर केला, तसेच २०१३ च्या उत्तराखंडातील महापुरात अडकलेल्यांच्या शोधासाठीही ते उपयोगी पडले.

मात्र येथे यानाचा सर्व भार पंख्यांनीच सतत तोलून धरावा लागतो. स्थिर पंखांच्या विमानाला पुढे जाताना पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे उचल मिळते. ती सोय येथे नाही. परिणामी विद्युत् घटमाला लवकर रिकामी होते व उड्डाणकाल सुमारे ३० मिनिटेच राहतो. शिवाय चार पंख्यांपैकी एक बंद पडल्यास तोल सावरणे अतिशय कठीण असते.

मिश्र प्रकार : या दोहोंची सांगड घालणाऱ्या प्रकारात उभे चढण्या-उतरण्यासाठी चार पंखे व पुढील प्रवासासाठी स्थिर पंख असतात. आयडियाफोर्जचे ‘स्विच’ हे याचे उदाहरण होय. सुमारे ६.५ किग्रॅ. वजनाचे हे विमान सुमारे दोन तास उडते. जानेवारी २०२१ मध्ये भारतीय भूसेनेने उंच पर्वतीय प्रदेशासाठी त्याच्या खरेदीचा करार केला. विरळ हवेत पंख्यांना उचल कमी मिळते, त्यामुळे अशा प्रदेशात ही रचना विशेष कसोटीला लागते. सरळ उड्डाणात मात्र उभे चढविणारे पंखे निव्वळ ओझे होऊन बसतात. म्हणजे छत्रीचे ओझे जाऊन त्याच्या जागी दुसरे आले, एवढेच.

मूल्यमापन : वरील प्रकारांपैकी कोणताही सर्वश्रेष्ठ म्हणता येत नाही. सुसज्ज विमानतळावरून दीर्घकाळ गस्त घालावयाची असल्यास चाकांची मोठी विमानेच उपयुक्त ठरतात. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ ‘एमक्यू-९बी’ विमानांसाठी अमेरिकेशी केलेला करार याच गरजेतून झाला. याउलट, टेकडीपलीकडे काय आहे हे काही मिनिटांत जाणू पाहणाऱ्या तुकडीला अशा विमानाची वाट पाहता येत नाही. तिला हाती असलेले छोटे यानच उपयोगाचे असते. निशांतचा अनुभव असा, की चढणे व उतरणे या दोन अल्पकालीन क्रियांवरच संपूर्ण योजनेचे यशापयश अवलंबून असते. विमान गमावले, तर मिळू शकणारी माहिती गमावली जाते व टेहळणीचा धोका पुन्हा पायदळाच्या जवानावर येतो. तो धोका टाळणे हाच वैमानिकरहित विमानाचा मूळ हेतू असल्याने, कोणत्याही रचनाप्रकाराची पारख करताना तो किती काळ उडतो याबरोबरच तो किती वेळा सुखरूप परत येतो, हेही पाहणे आवश्यक ठरते.