मस्कतचा पैसा, हैदराबादची लस

आम्हा गोवेकरांना मस्कत म्हणजे नोकरी. हैदराबादेत चिक्कडपल्लीला उतरलो होतो, तेव्हा एक वेगळीच हकीगत कळली. वरप्रसाद रेड्डींनी 1993 साली शांता बायोटेक्निक्स काढली. आरंभीचे काम तिथून जवळच्या उस्मानिया विद्यापीठात, पुढचे सीसीएमबीत. हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृत पोखरणारी कावीळ. तिची परदेशी लस तेव्हा शेकडो रुपयांना. गरिबाने घ्यावी कशी? परदेशातून तंत्रज्ञान मिळेना. भांडवल दिले ओमानचे परराष्ट्रमंत्री युसुफ बिन अलावी यांनी! आमच्या कचेरीत अशा प्रस्तावावर किती शेरे पडले असते, देव जाणे. 1997 मध्ये लस बाजारात आली, सुमारे 50 रुपयांना. 2009 साली कंपनी फ्रान्सच्या सानोफीकडे गेली; तोवर इतर भारतीय कंपन्याही ती लस करू लागल्या होत्या.