शिंकांवरच्या गोळीचा इतिहास

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका गोळीबद्दल बोलणार आहे, आणि ती बंदुकीची नाही. शिंका येतात, नाक गळतं, अंगाला खाज सुटते, तेव्हा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आपण आणतो ती अँटिहिस्टामिनची गोळी.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. १९९४ साली मी मेजर होतो आणि आमचं युनिट बेंगळुरूच्या बाहेरच्या अंगाला होतं. पावसाळा संपता संपता गाजर गवत कमरेएवढं वाढलं, म्हणून दोन दिवस फटीग लावून ते उपटून काढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा ड्रायव्हर, सातारा जिल्ह्यातला एक नाईक, शिंकून शिंकून बेजार झाला. रात्री तुमकूरच्या रस्त्याने आम्हाला बेळगावकडे निघायचं होतं. माझ्या दाढीच्या पेटीत फेनिरामिनच्या गोळ्या असत, त्यातली एक मी त्याला दिली. तासाभरात शिंका थांबल्या आणि आम्ही निघालो. रात्री दोनच्या सुमारास आमची वन-टन सरळ रस्ता सोडून शेतात उतरली आणि बांधावर आदळली. मागे बसलेल्या एका जवानाचं खांद्याचं हाड मोडलं. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "साहेब, झोप आली नव्हती. रस्ता कधी सुटला तेच कळलं नाही."

चौकशी झाली. आदल्या रात्री झोप झाली होती का, दारू घेतली होती का, असं त्याला विचारलं. गोळीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण तो विचार माझ्या डोक्यातच आला नाही. 'निष्काळजीपणा' असा शेरा त्याच्या कागदावर बसला. तो शेरा खरा कुणाच्या नावावर बसायला हवा होता, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. ते समजलं या गोळीचा इतिहास वाचताना.

आधी त्या गवताकडे बघू. गाजर गवत, म्हणजे पार्थेनियम, मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते पुण्यात आढळलं आणि आर. एस. राव यांनी १९५६ साली त्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. पीएल-४८० च्या गव्हातून ते आलं, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण तारखा जुळवून बघा. त्या कायद्याखाली भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकेचा गहू त्याआधीही, १९५१ च्या कर्जातून, आपल्याकडे आला होताच. तेव्हा गहू कारणीभूत असला, तरी सगळं खापर पीएल-४८० वर फोडणं बरोबर नाही.

पुण्याचं हे गवत दक्षिणेकडे पसरलं आणि बेंगळुरूच्या रिकाम्या प्लॉटांवर त्याने ठाण मांडलं. त्याला खाणारा भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोहून बेंगळुरूत आणला आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. पावसाळ्यात तो पानं फस्त करतो, पण गवत काही संपलेलं नाही. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या गवताच्या परागकणांमुळे होणाऱ्या नाकाच्या अ‍ॅलर्जीवर काम करून ते १९९१ साली प्रसिद्ध केलं. गवत, धूळ, वाहनांचा धूर, सगळंच वाढत गेलं. डॉ. एच. परमेश यांनी बेंगळुरूत रुग्णालयात आलेल्या मुलांची वर्षानुवर्षं पाहणी केली. त्यात दम्याचं प्रमाण १९७९ साली ९ टक्के होतं, ते १९९९ मध्ये २९.५ टक्के झालं.

आता गोळीकडे येतो. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. १९१० साली लंडनमध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिन या पदार्थाचा परिणाम मांडला. परागकणासारखी निरुपद्रवी वस्तू शरीराला शत्रू वाटली की पेशींमधून हिस्टामिन सुटतं. त्याने नाक गळतं, डोळे चुरचुरतात, अंगावर पित्त उठतं.

'पित्त' या शब्दापाशी जरा थांबू. पोटात जळजळलं तरी आपण पित्तच म्हणतो. गंमत अशी की पोटातलं आम्ल वाढवण्यातही हिस्टामिनचा हात असतो. मात्र तिथली त्याची जागा वेगळी आणि औषधही वेगळं. म्हणून दुकानात जाऊन नुसतं "पित्ताची गोळी द्या" म्हणू नका. अंगावर गांधी उठल्यात की छातीत जळजळतंय, ते स्पष्ट सांगा. नाहीतर दुखणं एक आणि औषध दुसरं असं व्हायचं.

हिस्टामिनला अडवणारा पहिला पदार्थ १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टॉब यांना सापडला, पण तो माणसाला देण्याजोगा नव्हता, फार विषारी होता. माणसांना देता येईल असं पहिलं औषध १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, फ्रान्समध्येच आलं. अमेरिकेत जॉर्ज रिव्हशल यांनी तयार केलेलं डायफेनहायड्रामिन १९४६ साली बाजारात आलं. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं.

या पहिल्या पिढीतल्या औषधांची एक खोड होती. ती रक्तातून मेंदूत शिरत. मेंदूत हिस्टामिनचं काम वेगळंच असतं. ते आपल्याला जागं ठेवतं. त्याला अडवलं की पहारेकऱ्यालाच झोपवल्यासारखं होतं.

ही खोड कशी कामाला लावली तेही पाहण्यासारखं आहे. बाल्टिमोरमध्ये अंगावर गांधी उठतात म्हणून एका बाईंना डायफेनहायड्रामिन असलेलं नवं औषध दिलं होतं. ट्राममध्ये त्यांना नेहमी मळमळायचं, ते थांबलं. डॉक्टरांनी ही गोष्ट लष्कराच्या कानावर घातली. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिकेचं 'जनरल बॅलू' हे जहाज तेराशेहून जास्त सैनिक घेऊन न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालं आणि बोट लागण्यावर त्या औषधाची चाचणी भर समुद्रात झाली. बोट लागणं बऱ्याच जणांचं थांबलं.

दुसरी गोष्ट फ्रेंच नौदलाचे सर्जन हेन्री लाबोरी यांची. शस्त्रक्रियेआधी प्रोमेथाझिन दिलेले रुग्ण विलक्षण शांत राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच घराण्यात शोध घेता घेता १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झालं, आणि त्याने तीव्र मनोविकारांवरच्या उपचारांचं चित्र पालटलं. जरा विचार करा, आपण शिंकांसाठी जी गोळी सहज तोंडात टाकतो, तिच्या सख्ख्या भावंडापासून वेडाच्या इस्पितळातलं औषध निघालं. मग झोपेला 'किरकोळ दुष्परिणाम' कसं म्हणायचं? तो त्या जुन्या गोळीचा स्वभावच आहे.

पुढची सगळी धडपड औषधाला मेंदूबाहेर ठेवण्याची. टर्फेनाडिन १९८५ साली अमेरिकेत आलं. झोप आणत नाही म्हणून प्रचंड खपलं. पण काही प्रतिजैविकांबरोबर किंवा बुरशीवरच्या औषधांबरोबर घेतलं की हृदयाचे ठोके बिघडत, त्यात माणसं दगावली, आणि १९९८ पर्यंत ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. शरीरात टर्फेनाडिनपासून जो पदार्थ तयार होतो, तोच वेगळा काढून फेक्सोफेनाडिन आलं. ते हृदयाला सुरक्षित ठरलं. सेटिरिझिन आणि लोराटाडिनही याच दुसऱ्या पिढीतली.

२००० साली अमेरिकेतल्या आयोवामध्ये एक प्रयोग झाला. चाळीस जणांना नकली गाडीवर बसवून, वेगवेगळ्या वेळी दारू, डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन आणि नुसती खोटी गोळी देऊन पाहिलं. सर्वांत वाईट गाडी डायफेनहायड्रामिनवर चालवली गेली, दारूपेक्षाही वाईट. आणि आपल्याला किती झोप येतेय हे चालवणाऱ्याने सांगितलं, त्यावरून तो किती चुकेल याचा अंदाज येत नव्हता. हे वाचलं तेव्हा माझ्या कानात एकच वाक्य घुमलं, "साहेब, झोप आली नव्हती." तो खरं बोलत होता.

आपल्या १९४५ च्या औषध नियमांत 'जी' नावाची एक यादी आहे. तिच्यात ही जुनी अँटिहिस्टामिनं आहेत, आणि त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं आहे, अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ती इतक्या बारीक अक्षरात असते की चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा चष्मा लावा.

आता फौजी पद्धतीने काही कायमचे आदेश. गोळीचं नाव वाचा. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन असेल तर ती जुनी पिढी. ती घेऊन गाडी चालवायची नाही, यंत्रावर उभं राहायचं नाही, दारू किंवा झोपेचं औषध वर घ्यायचं नाही. आपल्यासारख्या साठी उलटलेल्यांनी, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना न विचारता घेऊच नये. सर्दीच्या तयार गोळ्यांतही क्लोरफेनिरामिन असतं, त्यामुळे दोन गोळ्यांतून एकच औषध दुप्पट जातं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं वेष्टनावर छापायला सांगितलं. नातवंडांच्या बाबतीत हे विसरू नका.

सेटिरिझिन बरं, पण तेही काहींना झोप आणतं. पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी, घरी असताना घ्या. मोठ्या माणसाला दिवसाला १० मिलिग्रॅमची एक पुरे. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम थांबवलं तर काहींना भयंकर खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला आहे. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्या, फळांच्या रसाबरोबर नको, कारण त्याने ते नीट शोषलं जात नाही. मॉन्टेलुकास्ट जोडलेली गोळी तर चिठ्ठीशिवाय घेऊच नका. तिचा काहींच्या मनःस्थितीवर परिणाम होतो.

शेवटचा आदेश. या गोळीची हद्द ओळखा. दम्याची धाप तिने उतरत नाही. गाजर गवत हाताळून चामडीवर उठणारा, दिवसेंदिवस चिघळणारा चट्टा मुख्यतः हिस्टामिनचा नसतो, त्याला त्वचेचा डॉक्टर हवा. आणि ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, चक्कर आली, तर गोळी शोधत बसू नका. तिथे अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं. थेट रुग्णालय गाठा.

माझ्या त्या ड्रायव्हरला मी काही वर्षांपूर्वी त्याच्या गावी फोन केला. आता शेती करतो. सगळं सांगितलं, माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, तेव्हा सांगितलं असतं, तर कुणी लिहून घेतलं असतं का?"

कदाचित नसतं घेतलं. पण सांगायला मी हवं होतं, म्हणून आज तुम्हाला सांगितलं. घरात कुणाला गोळी देण्याआधी एवढंच विचारा, "आज गाडी चालवायची आहे का?"

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.