रतलामची गटारं आणि ‘जनजागृती’ हा शब्द

पीएचडीचा आराखडा लिहायला बसलात की उद्दिष्टांमध्ये एक ओळ हमखास येते: ‘स्वच्छतेबाबत लोकांमध्ये जनजागृती करणे.’ माझ्या पहिल्या मसुद्यातही ती होती. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, पाण्याच्या नमुन्यातले जिवाणू मोजायची सवय. जनजागृती म्हणजे शेवटच्या प्रकरणात टाकायची गोष्ट, असं वाटायचं. मार्गदर्शकांनी त्या ओळीखाली पेन्सिलने दोनच शब्द लिहिले: ‘कोणाची जागृती?’

उत्तर शोधताना मी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापर्यंत पोचले. तुम्हीही तो वाचावा म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मध्य प्रदेशातलं रतलाम. तिथल्या एका वॉर्डातले रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले. रस्त्याकडेला उघडी गटारं, मद्यार्काच्या कारखान्याचं घाण पाणी, आणि शेजारच्या झोपडपट्टीतले लोक तिथेच शौचाला बसतात, अशी तक्रार. अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रवाचा. गंमत बघा, ज्यांच्याकडे शौचालय नाही ते यात तक्रारदार नाहीतच. तेच तक्रारीचा विषय आहेत.

दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला सहा महिन्यांत योजना तयार करायला सांगितलं. सत्र न्यायालयाने तो आदेश फिरवला, उच्च न्यायालयाने पुन्हा उचलून धरला, आणि नगरपालिका दिल्लीला गेली. तिचं म्हणणं, पैसे नाहीत. शिवाय हे लोक डोळे उघडे ठेवूनच त्या वस्तीत राहायला आलेत, असाही एक मुद्दा होता. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्णा अय्यर आणि ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी दोन्ही मुद्दे फेटाळले. माणसाची प्रतिष्ठा हा मानवी हक्कांचा भाग आहे, तिजोरीकडे बोट दाखवून नगरपालिकेला तो टाळता येणार नाही, हा निकालाचा गाभा. आणि झोपडपट्टीतल्या लोकांबद्दल न्यायालयाने म्हटलं ते असं, की सोयच नसल्यामुळे त्यांना उघड्यावर बसावं लागतं. म्हणजे लाज नाही म्हणून नव्हे, जागा नाही म्हणून. तक्रार त्यांच्याविरुद्ध होती, पण निकालाचा रोख नगरपालिकेकडे वळला.

आता एक कामाची गोष्ट. निकाल वाचताना भाषेच्या प्रेमात पडून थांबू नका (कृष्णा अय्यर यांच्या बाबतीत हा धोका मोठा आहे), शेवटचे आदेश वाचा. सहा महिन्यांत स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, पुरेशी सार्वजनिक शौचालयं बांधा, पाणी द्या, आणि सकाळ-संध्याकाळ सफाईची व्यवस्था करा. हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा सहज वाचून गेले. दुसऱ्या वेळी अडखळले. सफाई करणार कोण? १९८० साली या प्रश्नाचं उत्तर देशात सगळ्यांना माहीत होतं आणि ते जातीत होतं. एकाची प्रतिष्ठा सांभाळणाऱ्या आदेशात दुसऱ्याचं काम न बोलता गृहीत धरलेलं. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा आला १९९३ मध्ये, दुसरा २०१३ मध्ये. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सांगावं लागलं. स्वच्छतेच्या हक्काचा इतिहास लिहिताना ही माणसं तळटीपेत गेली तर तो इतिहास अर्धाच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रतलामच्या निकालाला ३० वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना, २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हे मानवी हक्क मानले. बाजूने १२२, विरोधात शून्य, तटस्थ ४१. भारत बाजूने. पण एका ठरावात दोन हक्क आले की पाणी पुढे बसतं. संडासाबद्दल बोलायला सभेतही अवघडल्यासारखं होतं. स्वच्छता हा पाण्यापासून वेगळा हक्क आहे, हे आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये मान्य केलं.

मधल्या काळात मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली होती. पुरुषांना मुतारी फुकट, बायकांना मात्र पैसे, हा तिचा साधा मुद्दा. कार्यकर्त्यांनी सह्या गोळा केल्या, सार्वजनिक शौचालयांची पाहणी केली आणि हे सगळं घेऊन पालिकेकडे गेल्या. बायकांना ‘जागृत’ करायची गरजच नव्हती. दिवसभर पाणी न पिता कामाला जाणाऱ्या बाईला प्रश्न नीटच माहीत असतो. माहीत नव्हतं ते कार्यालयाला, किंवा माहीत असून त्याची नोंद नव्हती. त्याच डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने महिलांसाठी शौचालयं पुरवणं हे महापालिकांचं कर्तव्य ठरवलं.

माझ्या आराखड्यातली ती ओळ मी खोडली. त्या जागी आता आहे: ‘स्वच्छतेच्या तक्रारींना स्थानिक संस्थांनी दिलेल्या लेखी उत्तरांचा अभ्यास.’ रतलामच्या निकालात आणखी एक आदेश आहे, सहा महिन्यांनंतर नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याने काम झाल्याचा अहवाल द्यावा. माझ्या शोधायच्या कागदांच्या यादीत तो अहवाल सध्या पहिल्या क्रमांकावर आहे.