देवटेकची शिळा आणि पुसता येणारी स्मृती

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे गाव आहे. तेथे सापडलेल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. जुना लेख मौर्यकालीन वळणाच्या ब्राह्मीत व प्राकृत भाषेत असून त्यात प्राण्यांच्या हत्येला मनाई करणारी राजाज्ञा आहे. नवा लेख वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. नव्याला जागा करण्यासाठी जुन्याचा काही भाग छिन्नीने तासला गेला, असे वा. वि. मिराशी यांचे मत.

तासूनही जुना लेख पुरता गेला नाही, म्हणून तर तो आज वाचता येतो. दगड टिकण्यात अव्वल आणि पुसण्यात अत्यंत मंद. उलट टोकाला आपली धूळपाटी: तळहात फिरवला की अक्षरे गेली; पण वाऱ्याच्या झुळकीनेही जातात. जे सहज पुसता येते ते सहज हरवते, हा पेच लेखनाइतकाच जुना आहे. मोबाइल, पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचे कार्ड यांतील फ्लॅश स्मृतीचा इतिहास म्हणजे याच पेचाशी घातलेली झटापट.

१९६७ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये डॉन कांग आणि सायमन झी यांनी एक कल्पना मांडली. विद्युतरोधक थरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या एका बेटावर इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, एवढ्यावर एक नोंद ठरते आणि वीज गेली तरी ती राहते. या बेटाला 'फ्लोटिंग गेट' म्हणतात. कोंडलेले इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे कसे, हा पुढचा प्रश्न. इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये दिलेले उत्तर आज गमतीदार वाटते: चिपवर क्वार्ट्झची खिडकी ठेवायची आणि यंत्रातून चिप काढून ती कित्येक मिनिटे अतिनील किरणांखाली धरायची. मग आली विजेने पुसली जाणारी ईईप्रॉम. तिच्यात एकेक अक्षर स्वतंत्रपणे पुसता येई. पण त्यासाठी प्रत्येक कप्प्याला जास्तीचा ट्रान्झिस्टर लागे. त्यामुळे ती जागा खाई आणि महाग पडे.

तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी येथे एक सुविधाच सोडून दिली. एकेक अक्षर पुसण्याचा हट्ट कशाला? सगळा गठ्ठा एकदम पुसू. १९८४ मध्ये त्यांनी हे तंत्र जाहीरपणे मांडले. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे क्षणात पुसले जाते म्हणून 'फ्लॅश' हे नाव त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचवले. माझ्या मते यातली खरी प्रतिभा शोधापेक्षा त्यागात आहे.

पण गठ्ठ्याने पुसले तरी मूळ पेच सुटत नाही. तो बेटाभोवतीच्या थराच्या जाडीत आहे. हा थर सुमारे ८ नॅनोमीटरचा असतो. मोठा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन क्वांटम टनेलिंगने त्यातून पार होतात. थर पातळ केला तर पुसणे झटपट आणि कमी दाबात होते. पण मग दाब नसतानाही इलेक्ट्रॉन निसटू लागतात. थोडा हिशेब करू. समजा बेटावर १,००० इलेक्ट्रॉन आहेत आणि १० वर्षांत त्यांतले १०० गेले तरी चालते. म्हणजे सरासरी ३६ दिवसांत एकच इलेक्ट्रॉन निसटू द्यायचा. आणि पुसण्याची आज्ञा येताच तेच इलेक्ट्रॉन काही मिलिसेकंदांत बाहेर पडले पाहिजेत! एकाच भिंतीकडून या दोन्ही अपेक्षा आहेत. त्यात दर पुसण्यागणिक भिंतीत सूक्ष्म दोष साचतात. म्हणून एकच जबर धक्का न देता पुष्कळदा लहान धक्का, तपासणी, मग थोडा मोठा धक्का अशा पायऱ्यांनी पुसतात. वेग थोडा घटतो, भिंत जास्त टिकते. उष्णतेने गळती वाढते ती वेगळीच.

आता पुन्हा आपल्या जंगलांकडे. १९ एप्रिल २०२४ रोजी चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथके आणि यंत्रे हेलिकॉप्टरने पोचवावी लागतात. सकाळी मतदान प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते, निकाल दाखवला जातो आणि मग 'क्लिअर'चे बटण दाबून ती मते पुसतात. हे पुसणे झटपट आणि पुरते व्हायला हवे. देवटेकच्या शिळेसारखे एकही जुने मत मागे राहून चालणार नाही. त्यानंतर पडलेली खरी मते मात्र ४ जूनच्या मतमोजणीपर्यंत, म्हणजे ४६ दिवस, बंद यंत्रात जशीच्या तशी राहायला हवीत. तेही चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत.

जे. ॲलेक्स हाल्डरमन, हरी प्रसाद व रॉप खोंग्राइप यांनी २०१० साली अभ्यासलेल्या यंत्रात मते ईईप्रॉममध्ये साठवलेली होती. व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हांसाठी फ्लॅश स्मृती असते. दोन्ही एकाच घराण्यातल्या, एकाच भिंतीच्या भरवशावर चालणाऱ्या.

स्मृती टिकण्याची क्षमता आणि ती टिकवण्याचा निर्णय या मात्र निराळ्या गोष्टी. मतदानानंतर आठवड्याभरातच, २६ एप्रिल २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चिन्हे भरणारी यंत्रे निकालानंतर किमान ४५ दिवस मोहोरबंद ठेवण्याचा आणि पराभूत उमेदवारांना ठरावीक यंत्रांच्या स्मृतीची तपासणी मागू देण्याचा आदेश दिला. ही तपासणी कशी करायची यावरून वाद पुन्हा न्यायालयात गेला. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने निवडणूक आयोगाला सांगितले: तपासणी करताना यंत्रातील माहिती पुसू नका, नव्याने भरूही नका.